बराखीतली परीक्षा

कॉलेजात नोकरीला होते असं सांगितलं की लोक आधी विचारतात, "काय शिकवायचा?" मी शिकवत नव्हते म्हटलं की त्यांचा चेहरा जरा उतरतो. मी कॉम्प्युटर लॅबमध्ये होते आणि नोकरीची शेवटची वर्षं कॉलेजच्या ऑनलाईन परीक्षा सांभाळत होते, हे सांगितल्यावर तर तो पारच उतरतो. आमच्या पिंपळवंडीत एका बाईंनी मला सरळच विचारलं होतं, "पेपर काढायचं काम सरांचं, लिहायचं काम पोरांचं. मग तुमी काय करता वो?"

"मी पेपर ठेवते आणि लागला की परत काढून देते," मी म्हटलं.

"कुठं ठेवता?"

"बराखीत."

बाईंना एका शब्दात कळलं. परीक्षेचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीनं आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं, त्यात शिकवणाऱ्या साहेबांना जे जमलं नव्हतं ते बराखीनं केलं. तुम्ही शहरातले वाचक असाल तर सांगते. आमच्या जुन्नर-आंबेगावात उन्हाळी कांदा निघाला की सगळा लगेच विकत नाहीत. जाळीच्या भिंतींच्या, वारं खेळतं राहील अशा लांबट खोलीत भरून ठेवतात. ती बराखी. बराखीतला कांदा विकलेला नसतो, फेकलेलाही नसतो. तो नुसता डोळ्यांआड असतो आणि मालकाचा जीव त्याच्यात असतो.

ऑनलाईन परीक्षेचंही तसंच आहे. परीक्षा झाली, निकाल लागला, की ती यादीतून बाजूला करायची. नाहीतर यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाते आणि सरांना या वर्षीचा पेपर सापडत नाही. या बाजूला करण्याला 'आर्काईव्ह' म्हणतात. प्रश्न, उत्तरं, पोरांचे मार्क, सगळं आत जसंच्या तसं राहतं. पुन्हा लागलं की 'रिस्टोअर' म्हणायचं, परीक्षा परत यादीत हजर. 'डिलीट' ही मात्र वेगळी गोष्ट. डिलीट म्हणजे उकिरडा. बराखी आणि उकिरडा यांतला फरक समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

आमच्याकडं इतिहासाचे एक सर होते. त्यांनी एकदा चुकून आपला पेपर आर्काईव्ह केला. यादीत दिसेना म्हटल्यावर ते लॅबच्या दारात येऊन उभे राहिले, तोंड असं की आता मी खुर्ची देऊन पाणी विचारावं. "गेला, मॅडम," एवढंच म्हणाले. मी बटण दाबलं, पेपर आला. सरांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांना रागच आला. एवढं दुःख केलं आणि काम एका बटणाचं निघालं, हे त्यांना पटेना. "एवढंच होतं तर आधी सांगायचं," म्हणाले. पुढच्याच आठवड्यात पुन्हा दारात उभे, पुन्हा तेच तोंड.

दुसरे एक गृहस्थ आले होते, त्यांची आठवण आली की अजून हसू येतं. बागायतदार माणूस. टोमॅटोचं एक क्रेट दारात ठेवून आत आले आणि म्हणाले, "ताई, ते बराखीत टाकायचं मशीन तुमच्याकडंच हाये ना?"

मी हो म्हटलं.

"मग माझ्या पोराचा तो नापास झालेला पेपर तेवढा टाका बराखीत. लग्न जमतंय. पोरगी अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली हाये. त्या लोकांनी कुठं मोबाईलवर बघितलं तर पंचाईत व्हईल."

मी समजावलं की असा एकट्या पोराचा पेपर बाजूला करता येत नाही, केली तर सगळी परीक्षाच बाजूला होते.

"मग सगळ्यांचाच टाका की! माझी काय हरकत न्हाई," ते मोठ्या मनानं म्हणाले. "लग्न उरकलं की काढा बाहेर. आमीपण भाव आल्याबिगर काढत न्हाई."

मी त्यांना क्रेटसकट परत पाठवलं. लग्न झालंच. पोरानं आपण नापास आहोत हे पहिल्याच फोनवर सांगून टाकलं होतं आणि पोरीनं, "मग अभ्यासाला बस," एवढंच उत्तर दिलं होतं. पुढं तिनंच त्याला पास करून घेतलं. तिचे बागायतदार सासरे मात्र अजून समजतात की मी गुपचूप काहीतरी केलं, आणि रस्त्यात भेटले की डोळा मिचकावतात.

असल्या कामात इज्जत फार नसते, पण मजा असते. एका गुरुवारी मात्र मजा माझ्याच अंगाशी आली.

तिची मुळं लॉकडाऊनमधली. आमच्या रसायनशास्त्राच्या थोरात सरांनी त्या वर्षी दूध तपासणीचा एक सर्टिफिकेट कोर्स सुरू केला होता. पोरं गावोगाव घरी बसलेली, म्हणून शेवटची परीक्षा ऑनलाईन ठेवली. आता आमची निम्मी पोरं पश्चिमेकडच्या डोंगरातली. डिंभ्याच्या धरणामागं अशी गावं आहेत की अमुक एका खडकावर उभं राहिल्याशिवाय मोबाईलला रेंज येत नाही. पोरगं खडकावर चढून पेपर सुरू करायचं, तिसऱ्या प्रश्नाला रेंज जायची, की बसलं बोंबलत. थोरात सर मनानं फार हळवे. त्यांनी नियमच असे करून टाकले की परीक्षा बंद होण्याची तारीख नाही, कितीही वेळा बसा, शेवटच्या वेळी पडतील ते मार्क खरे. यंत्रही जागा वाचवायला शेवटचाच कागद ठेवायचं, आधीचा फाडून टाकायचं. या नियमांवर प्राचार्यांची सही होती. आणि सरांनी पोरांकडून एकच मंत्र घोकून घेतला होता, "रेंज गेली तर घाबरायचं नाही. परत बसायचं."

परीक्षा झाली, निकाल लागला, मी ती बराखीत टाकली. नियम काय होते हे मी विसरले, सर विसरले. सही करणारे तर सही करतानाच विसरले असतील.

चार-पाच वर्षांनी सुवर्णाचा फोन आला. सुवर्णा ही त्याच तुकडीतली, धरणामागच्या एका वाडीतली मुलगी. भातखाचरं, थोडी नाचणी, दोन गाई, असं घर. त्यांच्या भागात नवीन दूध केंद्र होणार होतं आणि तिथं तपासणीला माणूस हवा होता. पोरीच्या घरापासून चालत जाता येईल अशी नोकरी त्या डोंगरात पुन्हा निघेल न निघेल. मुलाखत शुक्रवारी. कोर्सला किमान साठ मार्क हवेत आणि कॉलेजचं गुणपत्रक हवं. लॉकडाऊनमध्ये पत्रकं कुणी छापली नव्हती, त्यामुळं तिच्याकडं कागद म्हणून काही नव्हता.

"मॅडम, माजे मार्क हायेत का वो तुमच्याकडं? का ग्येले?"

"जात नाहीत गं. आहेत. उद्या सकाळी काढते," मी म्हटलं.

गुरुवारी सकाळी आल्या आल्या मी बराखीत डोकावून पाहिलं. सुवर्णा, चौसष्ट. वा! मन शांत झालं. पण पत्रक छापायचं तर परीक्षा यादीत आणावी लागते. मी ओझरच्या विघ्नहराचं नाव घेतलं, रिस्टोअर दाबलं आणि चहाचा कप उचलला.

तेवढ्यात माझाच मोबाईल वाजला. परीक्षा सुरू करताना चाचणीसाठी मी माझंही नाव त्या यादीत घातलं होतं. मेसेज होता, "दूध तपासणी अंतिम परीक्षा सुरू झाली आहे. वेळ एक तास. आपणांस शुभेच्छा."

बंद होण्याची तारीखच नव्हती ना! बराखीतून काढलेल्या कांद्याला मोड असावेत, तशी परीक्षा जिवंत बाहेर आली होती. आणि सगळ्या तुकडीला मेसेज गेला होता.

मी म्हटलं, असू दे. एवढ्या वर्षांनी कोण बसतंय? पण आपल्याकडच्या माणसाला परीक्षेची भीती किती असते, याचा मला अंदाज नव्हता. पाहते तर यादीत नावांपुढं एकेक हिरवा दिवा लागायला सुरुवात झालेली. हिरवा दिवा म्हणजे माणूस पेपरला बसला.

पहिला फोन नारायणगावच्या टोमॅटो मार्केटातून. मागं नुसता कालवा.

"मॅडम, आज पेपर व्हता व्हय? मी गाडी घेऊन लायनीत हाये."

"अरे, पेपर नाही, चुकून उघडलाय. तू बसू नकोस!"

"बसलो की. धा प्रश्न झाले. फक्त एक सांगा, निगेटिव्ह मार्किंग हाये का?"

मी घाईनं परीक्षा पुन्हा आर्काईव्ह करायला गेले. यंत्रानं नकार दिला. आत परीक्षार्थी बसलेले असताना परीक्षा बाजूला करता येत नाही, नियमही बदलता येत नाहीत. तसं बरोबरच आहे म्हणा. पोरं आत लिहीत असताना वर्गाला कुलूप लावणारं कॉलेज काय कामाचं? म्हणजे आता एकच उपाय होता, सगळ्यांना बाहेर काढायचं. जन्मभर मी पोरांना "पेपरला बसा" म्हणून ओरडले होते. त्या दिवशी "उठा" म्हणून विनवण्या करायला लागले.

एक मुलगी लग्न होऊन राजुरीला गेलेली. तिला फोन केला तर ती कुजबुजत म्हणाली, "मॅडम, उठवू नका ना. मेसेज वाचून दाखवला तर सासूबाई म्हणाल्या, तू आधी पेपर दे, भाकरी मी टाकते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा चुलीपाशी गेल्यात. तेवढा तास बसू द्या."

"अगं पण तुझे जुने मार्क पुसले जातील!"

"जाऊ द्यात," ती म्हणाली. तिनं तासाभरात एकही प्रश्न सोडवला नाही. नुसती बसून होती.

दुसरा एक तेव्हा काठावर पास झालेला पोरगा आता उपसरपंच झाला होता. तो पंचायतीच्या ऑफिसात बसून पेपर देत होता आणि मागून तीन-चार जणांचे आवाज येत होते. "ग्रामसेवक म्हणत्यात ब," असं मी स्वतः ऐकलं. त्याला उठवायच्या आत त्यानं पेपर देऊनही टाकला. ब्याण्णव!

मी थोरात सरांना बोलावलं. सर धापा टाकत आले, पडद्याकडं पाहून डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "हे नियम कुणी केले?"

"तुम्ही," मी म्हटलं.

सर खुर्चीत बसले.

माझ्या हातात एक हत्यार होतं. परीक्षा सांभाळणाऱ्याला 'बाहेर काढा' असं एक बटण असतं. ते दाबलं की त्या परीक्षार्थीचा चालू प्रयत्न रद्द होतो आणि जुने मार्क तसेच राहतात. मी एकेकाला काढायला सुरुवात केली. मार्केटवाला गेला, त्यानं फोन करून आभार मानले. बाकीचेही गेले. राहता राहिली राजुरीची सून. तिला काढायला माझं बोट गेलं आणि चुलीपाशी बसलेली सासू डोळ्यांपुढं आली. म्हटलं, शेवटी काढू.

इतक्यात यादीत आणखी एक हिरवा दिवा लागला. सुवर्णा.

मी तिला "उद्या काढते" म्हणाले होते. मग मेसेज आला, परीक्षा सुरू झाली. तिनं काय समजायचं? मॅडमनी परीक्षा काढली, आता द्यायची. ती खडकावर गेली आणि बसली. आता तिनं पेपर दिला की चौसष्ट फाटून जाणार आणि आज पडतील ते खरे. एवढी वर्षं भातलावणी आणि गाई यांत गेलेली पोरगी. साठाच्या खाली आली तर नोकरी गेली, तीही माझ्या एका बटणानं.

फोन लावला. लागला, हे नवलच.

"सुवर्णा, ऐक, तू आत्ताच्या आत्ता..."

"थांबा, मॅडम, बोलू नका. पेपर चालू हाये माजा," असं म्हणून तिनं फोन ठेवला. परीक्षेत फोनवर बोलायचं नाही, हा नियम तिला पाठ होता. पुन्हा लावला, तिनं कापला. पुन्हा लावला, बंद.

"काढा बाहेर," थोरात सर म्हणाले.

मी बटण दाबलं. दिवा विझला. आम्ही सुस्कारा सोडतोय तोवर दिवा पुन्हा लागला.

"हे काय?" मी म्हटलं.

सरांचा चेहरा पांढरा पडला. "रेंज गेली तर घाबरायचं नाही," ते पुटपुटले, "परत बसायचं."

मी काढलं, ती आली. मी पुन्हा काढलं, ती पुन्हा आली. तिकडं ती बिचारी खडकावर उभी राहून रेंजला शिव्या देत असणार, आणि इकडं रेंज मी होते. मग सरांनी युक्ती काढली. दोन मशीनवर दोघं बसायचं. मी तिला आणि राजुरीच्या सुनेला एकदम काढायचं, दिवे विझले रे विझले की सरांनी दुसऱ्या मशीनवर आर्काईव्ह दाबायचं. बैलगाडी चिखलातून काढताना म्हणतात तसं सर म्हणाले, "हां... तयार... आता!"

आणि लाईट गेली.

गुरुवार होता. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लॅबच्या इन्व्हर्टरची बॅटरी कधीच गतप्राण झालेली आणि नव्या बॅटरीचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर विश्रांती घेत होता. मोबाईलवरून आत शिरता येत नव्हतं, कारण सुरक्षिततेसाठी कॉलेजच्याच मशीनवरून काम करायची सोय होती. आमची लाईट गेली म्हणून परीक्षा मात्र थांबत नव्हती. ती दूर कुठल्याशा कंपनीच्या यंत्रावर मजेत चालू होती.

पंखे थांबले. लॅब एकदम गप्प झाली. वायरमनला फोन केला तर म्हणाला, "ताई, मी खांबावर हाये, उतरलो की सांगतो."

आम्ही दोघं काळ्या पडद्यांसमोर बसून राहिलो. मी भयंकर चिडले होते, आणि चिडायला समोर दुसरं कुणी नव्हतं म्हणून सरांवर चिडले. "कशाला हवे होते असले नियम? एकदा परीक्षा, एकदा मार्क, विषय संपला!"

सर म्हणाले, "तेव्हा तिची परीक्षा मी व्हिडिओवर पाहत होतो, मॅडम. पाऊस नुसता कोसळत होता. तिच्या वडलांनी मोबाईलवर इरलं धरलं होतं. पोरगी इरल्याच्या आत डोकं घालून लिहीत होती आणि वडील बाहेर भिजत उभे. तीन वेळा रेंज गेली. चौथ्या वेळी तिनं पेपर पुरा केला. तिला पहिल्याच वेळी नापास करायचं होतं का मी?"

मी बाटलीतलं पाणी सरांच्या पुढं सरकवलं.

"आणि तुम्ही असं का धरून चाललाय," सर म्हणाले, "की ती नापासच होईल?"

हे मात्र लागलं मला. कारण मी तेच धरून चालले होते. तिला वाचवायची एवढी धडपड केली, पण तिला येत असेल हे एकदाही मनात आलं नव्हतं.

लाईट आली तेव्हा कँटीनवाला वडे तळून मोकळा झाला होता. मशीन सुरू व्हायला नेहमीसारखाच वेळ लागला, पण त्या दिवशी तो सोसवेना. यादी उघडली. सगळे दिवे विझलेले. राजुरीची सून, शून्य. सुवर्णा, एक्क्याऐंशी.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एक्क्याऐंशीच. मला रडू आलं. सर नाक पुसायच्या निमित्तानं खिडकीकडं गेले. मी आधी पत्रक छापलं, परीक्षा बराखीत टाकली आणि मग चार वडे मागवले.

पण गोष्ट अशी सुखासुखी संपली असती तर ते आमचं कॉलेज कसलं? पत्रक घेऊन प्राचार्यांकडं सहीला गेलो तर त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "कोर्स लॉकडाऊनमधला आणि मार्क आजचे? मी सही करू शकत नाही. जुने मार्क द्या."

"जुने फाटले, सर," मी म्हटलं.

थोरात सरांनी नियमांचा जुना कागद पुढं केला. बंद होण्याची तारीख नाही, शेवटचा प्रयत्न ग्राह्य, खाली प्राचार्यांची सही. प्राचार्यांनी आपलीच सही परक्यासारखी न्याहाळली.

"मग त्या उपसरपंचाचे ब्याण्णवही ग्राह्य? तो मघाशीच पेढे घेऊन येऊन गेलाय. सर्टिफिकेटवर फोटो लावून फ्लेक्स करणार म्हणतोय."

शेवटी असं ठरलं की ज्यांना नवीन मार्कांचं पत्रक हवं त्यांनी उद्या सकाळी यावं आणि थोरात सरांच्या तोंडी प्रश्नांना समोर बसून उत्तरं द्यावीत.

शुक्रवारी सकाळी दोघंच आले. उपसरपंच कडक इस्त्रीत. सरांनी त्याला विचारलं, "लॅक्टोमीटर कशाला वापरतात?"

"सर, ते आमच्याकडं ग्रामसेवक बघत्यात," तो म्हणाला. पेढ्यांचा राहिलेला पुडा तेवढा आम्हाला देऊन गेला. माणूस दिलदार.

सुवर्णा पहिल्या एसटीनं आली होती. दुपारी तिची मुलाखत. चपला दाराबाहेर काढून, ओढणीचं टोक मुठीत धरून बसली. मी तिला घडलेलं सगळं सांगितलं.

"म्हंजी ती रेंज जात न्हवती?" ती माझ्याकडं बघत राहिली. "तुमी काढत व्हता मला?"

"हो गं."

"मी तर त्या टावरवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, मॅडम," ती म्हणाली आणि तोंडावर हात धरून हसायला लागली. मग एकदम गंभीर झाली. "पण बरंच झालं. तीनदा काढलं तवा चौथ्यांदा पेपर पाठच झाला व्हता. पयल्या वेळी मला निम्मंच येत व्हतं."

सरांनी विचारलेलं तिला सगळं आलं. तेवढ्यात प्राचार्य म्हणाले, "मीही एक विचारतो. दुधात पाणी घातलंय, हे कसं ओळखाल?"

"लॅक्टोमीटर जास्त बुडतो, सर. पण काही मानसं लई हुशार असत्यात. आधी साय काढून घेत्यात, मग पाणी घालत्यात. मग लॅक्टोमीटर बराबर दाखवतो अन् आपण फसतो. म्हणून फॅट बघायचंच. त्यात घावत्यात."

प्राचार्यांच्या घरी चार म्हशी आहेत आणि दूध डेअरीला जातं. त्यांनी पुढं काही न विचारता घाईघाईनं सही केली. शिक्काही स्वतःच मारला.

नोकरी तिला मिळाली. मी त्यानंतर वर्षाच्या आत निवृत्त झाले. नारळ, शाल आणि घड्याळ घेतलं. जायच्या दिवशी थोरात सरांनी मला विचारलं की पुढच्या परीक्षांचे नियम काय ठेवावेत. मी म्हटलं, होते तेच ठेवा, परीक्षा उघडली की सगळ्यांना मेसेज जातो, ती खूण तेवढी काढा.

गेल्या वर्षी डिंभ्याच्या बाजूला एका नातलगाकडं गेले होते. परतताना संध्याकाळी रस्त्याकडेला ते दूध केंद्र दिसलं. दारात किटल्यांची रांग. सर्वांत पुढं एक टोपीवाले म्हातारे हुज्जत घालत होते, "अगं, सख्ख्या चुलत्याचं दूध परत करतीस? घरात तोंड दाखवायचंय का न्हाई तुला?" आत पांढरा कोट घातलेली सुवर्णा पाठमोरी उभी राहून नळीतल्या दुधाकडं बघत होती.

मला राहवलं नाही. मी दारातूनच हाक मारली, "सुवर्णा, अगं ऐक..."

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. नुसता हात वर केला.

"थांबा, बोलू नका. तपासणी चालू हाये."

मी मागं गेले आणि किटल्यांच्या रांगेत उभी राहिले.